नैरोबीच्या टेकडीवर भारतीयांना घर का मिळत नव्हतं?

तुमचे पणजोबा १९२०च्या दशकात गोव्याच्या बार्देशातून नैरोबीला गेले आणि रेल्वेत कारकून झाले. आत्या सांगते, "आपल्या माणसांना टेकडीवर घर घेऊच देत नव्हते." काका म्हणतात, "असा कायदा कुठे होता? चर्च, शाळा, बाजार बघून आपली माणसं एकत्र राहिली, एवढंच." यातलं खरं काय आणि ते तपासायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

माझं काम नगररचनेचं. नैरोबीत नोकरीला असताना जुन्या वस्त्यांच्या पुनर्विकासासाठी जमिनीचे पट्टे, म्हणजे भाडेपट्ट्याचे कागद, वाचणं हे माझं रोजचं काम होतं, म्हणून उत्तर देतो. काकांचं विधान बरंचसं बरोबर आहे, पण त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. "भारतीयांनी अमुक भागात राहू नये" असं एका ओळीत सांगणारा, शहरभर लागू असलेला कायदा शोधायला गेलात तर निराशा होईल. बंदी मात्र होती. ती जमिनीच्या पट्ट्यात होती, आरोग्य खात्याच्या अहवालात होती, क्वार्टर्सच्या वाटपात होती आणि लंडनहून येणाऱ्या सरकारी पत्रांत होती. त्यामुळे "कायदा होता का?" हा प्रश्न बाजूला ठेवा. पैसा आणि इच्छा दोन्ही असलेल्या भारतीयाला तिथे घर घेता आलं असतं का, असं विचारा. मग उत्तर सरळ मिळतं.

आधी जमीन समजून घ्यावी लागेल. मोंबासाहून निघालेली युगांडा रेल्वे १८९९ मध्ये इथे पोचली आणि यार्डासाठी सपाट जागा हवी म्हणून इथेच थांबली. या ठिकाणाच्या पश्चिमेला आणि उत्तरेला चढ आहे. तिथली माती लाल, पाण्याचा निचरा चांगला, हवा मोकळी. पूर्वेला आणि दक्षिणेला माळरान, आणि तिथली जमीन काळी, म्हणजे आपल्या देशावर असते तशीच: पावसात चिखल, उन्हाळ्यात भेगा आणि घराचा पाया धरणं कठीण. रेल्वेचे गोरे अधिकारी पहिल्यापासून चढावर राहिले; आत्या म्हणते ती टेकडी हीच. भारतीय बाजार खाली, दलदलीच्या कडेला वसला. रेल्वे बांधायला भारतातून सुमारे ३२,००० करारबद्ध मजूर नेले होते, त्यातले जवळजवळ २,५०० तिथेच मेले आणि पावणेसात हजारांच्या आसपास कायमचे राहिले. त्यांच्या मागोमाग गुजराती व्यापारी आले, पंजाबी कारागीर आले, आणि गोव्याचे कारकून, शिंपी, पाववाले, स्वयंपाकी आले.

१९०२ मध्ये या बाजारात प्लेग निघाला. तो ओळखून अधिकाऱ्यांना कळवणारे डॉक्टर गोव्याचेच होते, रोझेंडो आयरेस रिबेरो. झेब्र्यावर बसून रुग्णांकडे जाणारे म्हणून त्यांचं छायाचित्र आजही नैरोबीच्या इतिहासात दाखवतात, पण मला त्यांची ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी खबर दिली आणि सरकारने उपाय म्हणून अख्खा भारतीय बाजार जाळून टाकला. रिबेरोंचा स्वतःचा दवाखानाही त्यात गेला. ज्याने रोग ओळखला त्याचं घरदारही आजाऱ्यांच्या खात्यात धरलं गेलं, कारण हिशेब रोगाचा नव्हता, वस्तीचा होता. १८९७ साली पुण्यात घरोघर शिरलेल्या सोजिरांच्या आठवणी ज्यांनी आजी-आजोबांकडून ऐकल्या आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

यानंतर येतात विल्यम सिम्प्सन. या माणसाचा प्रवास बघितला की नैरोबीत जे घडलं ते सुटं वाटत नाही. १८८६ ते १८९७ ते कलकत्त्याचे आरोग्याधिकारी होते. १९०२ मध्ये प्लेगच्या चौकशीसाठी हाँगकाँगला गेले, १९०८ मध्ये प्लेगसाठीच आजच्या घानात, आणि १९१३ मध्ये पूर्व आफ्रिकेत. नैरोबीसाठी त्यांनी जे सुचवलं त्याचा गाभा असा: प्रत्येक शहरात युरोपीय, आशियाई आणि आफ्रिकी लोकांचे स्वतंत्र विभाग आखावेत, आणि युरोपीयांची घरं व इतरांची घरं यांच्यामध्ये किमान ३०० यार्ड, म्हणजे साधारण पावणेतीनशे मीटर रुंदीचा मोकळा पट्टा ठेवावा.

नगररचनाकार म्हणून मला या शिफारशीतला दोष अगदी ठसठशीत दिसतो. त्या काळापर्यंत प्लेग उंदरांमार्फत पसरतो हे वैद्यकाला माहीत होतं, आणि उंदराच्या पिसवेचं काम सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्येच कराचीत दाखवून दिलं होतं. बाजारात उंदीर होते कारण तिथे धान्याची कोठारं होती, गटारं नव्हती, जमीन पाणी धरून ठेवणारी होती, आणि दाटी होती. दाटी होती कारण दुसरीकडे जागा मिळत नव्हती. म्हणजे आधी वाईट जमीन द्यायची, तिथे गटार बांधायचं नाही, रोगराई झाली की ती राहणाऱ्यांच्या सवयींमुळे झाली म्हणायचं, आणि तेच कारण पुढे करून त्यांना चांगल्या जमिनीपासून दूर ठेवायचं. हे चक्र तुम्हाला जगाच्या नकाशावर अनेक ठिकाणी सापडेल. पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाऊनला १९०४ मध्ये गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी डोंगरावर 'हिल स्टेशन' नावाची वेगळी वसाहत बांधली आणि ऑफिसला ये-जा करायला खास रेल्वे टाकली. तिथे कारण मलेरियाचं होतं. पण घरी काम करणारे आफ्रिकी नोकर वर लागतच होते. डासाला किंवा पिसवेला मालक आणि नोकर हा भेद कळत नाही. अशा प्रत्येक वस्तीच्या नियमात नोकरांसाठी अपवाद असतो, आणि माझ्या मते तिथेच आरोग्याचं कारण उघडं पडतं.

आता जमिनीच्या भाडेपट्ट्याकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. नैरोबीतली शहरी जमीन बहुतेक सरकारी मालकीची, लांब मुदतीच्या पट्ट्याने दिलेली. असा जुना पट्टा उघडला की सुरुवातीला क्षेत्रफळ, मुदत, वार्षिक भाडं. मग खाली विशेष अटी. आपल्याकडे जमीन घेणारा शहाणा माणूस सातबाऱ्यावरचा 'इतर अधिकार' हा रकाना आधी बघतो, तशा या अटी आधी वाचायच्या. घर किमान अमुक किमतीचं बांधावं. हद्दीपासून इतकं अंतर सोडावं. दुकान चालवू नये. आणि त्याच सुरात, त्याच टायपात पुढची अट: या जागेचा ताबा किंवा राहण्याचा हक्क आशियाई किंवा आफ्रिकी व्यक्तीला देऊ नये, मालकाच्या घरकामाच्या नोकरांचा अपवाद. पहिल्यांदा वाचताना ती अट डोळ्यांतून निसटते, कारण ती गटाराच्या आणि कुंपणाच्या अटींमध्ये बसलेली असते. चढावरच्या मुथायगासारख्या खासगी वसाहतींतही खरेदीच्या करारात अशाच अटी घातल्या जात. खासगी करारातली अट असल्यामुळे "हा सरकारी कायदा नाही" असं म्हणायला सरकार मोकळं, आणि करार मोडला तर अंमलबजावणीला सरकारी कोर्ट हजर.

यावर १९१५च्या जमीन कायद्याने आणखी एक कुलूप लावलं. वेगवेगळ्या वंशांच्या लोकांमधला जमिनीचा व्यवहार रद्द करण्याचा अधिकार गव्हर्नरला मिळाला. शहराबाहेरच्या उंच, सुपीक प्रदेशाचं तर त्याही आधी ठरलं होतं. ब्रिटिश वसाहतमंत्री लॉर्ड एल्गिन यांनी १९०६ मध्ये आणि पुन्हा १९०८ मध्ये कळवलं की त्या प्रदेशात भारतीयांना जमिनी देऊ नयेत, आणि कारण दिलं प्रशासकीय सोयीचं. हा कायदा नव्हता, धोरण सांगणारं एक पत्र होतं. पण त्या पत्रावर पुढची पन्नास वर्षं कारभार चालला. काकांना हे जरूर सांगा.

काकांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मात्र नाही. माणसं आपल्या माणसांजवळ राहतातच. नोकरी रेल्वेत असेल तर यार्डाजवळ राहणं सोयीचं, मुलं गोव्याच्या शाळेत जाणार असतील तर शाळेजवळ. गोव्याच्या लोकांनी १९०५ मध्ये स्वतःची गोअन इन्स्टिट्यूट काढली, इस्माइली खोजांनी जमातखाना बांधला, शिखांनी गुरुद्वारे बांधले, आणि त्यांच्याभोवती वस्ती वाढली. ते स्वखुशीने झालं. परंतु या स्वखुशीने इतकंच कळतं की न्गारा किंवा पार्कलँड्स या वस्त्यांत तुमच्या शेजारी कोण होतं. टेकडीवर तुमच्यातला एकही का नव्हता, ते त्यातून कळत नाही.

यासाठी मी एक कसोटी वापरतो: ज्यांच्याकडे पैसा होता त्यांचं काय झालं ते बघायचं. गरीब माणूस महागड्या भागात नाही याचं कारण भाडं असू शकतं. श्रीमंत माणूस नसेल तर कारण दुसरं असतं. भारतीय व्यापारी ए. एम. जीवनजींनी नैरोबीत बाजाराची इमारत बांधली आणि शहराला बाग दिली. जीवनजी गार्डन्स आजही आहे. अशा माणसांच्या समाजाला चढावरचं घर परवडत नव्हतं, असं कुणी म्हणणार नाही. हाँगकाँगला तर हे लखलखीत दिसतं, कारण तिथे बंदी उघड कायद्यात होती: १९०४च्या कायद्याने 'पीक' हा डोंगराळ भाग चिनी लोकांना राहायला बंद केला. रॉबर्ट होतुंग हे मिश्र वंशाचे, शहरातल्या सर्वांत धनाढ्य माणसांपैकी एक. त्यांना तिथे कुटुंबासह राहता आलं ते खास सूट म्हणून. तो कायदा १९४६ मध्ये रद्द झाला. उघड कायद्याला निदान रद्द झाल्याची तारीख असते. नैरोबीच्या पट्ट्यांतल्या अटींना अशी एक तारीख देता येत नाही, आणि "असं काही नव्हतंच" हे म्हणणं तिथे सोपं जातं ते त्यामुळेच.

तुमचे पणजोबा नैरोबीत पोचले तो काळ या वादाचा सर्वांत तापलेला काळ होता. १९२० मध्ये वसाहतमंत्री लॉर्ड मिल्नर यांनी शहरांत वंशानुसार निवासी विभाग हे धोरण मान्य केलं. केनियातल्या भारतीयांनी त्याविरुद्ध मोठी चळवळ उभारली आणि प्रश्न लंडनला गेला. १९२३ मध्ये भारतातून जे शिष्टमंडळ तिकडे गेलं त्याचे नेते होते श्रीनिवास शास्त्री, गोखल्यांच्या पश्चात पुण्याच्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे अध्यक्ष. जुलै १९२३च्या डेव्हनशायर श्वेतपत्रिकेत निकाल आला. शहरांत युरोपीय आणि आशियाई यांच्या निवासी विलगीकरणाचं धोरण सोडून दिलं; स्वच्छतेचे आणि बांधकामाचे सर्वांना सारखे नियम पुरेत असं म्हटलं. उंच प्रदेश मात्र गोऱ्यांसाठीच राखीव ठेवला. कायदेमंडळात युरोपीयांना ११ जागा आणि संख्येने त्यांच्यापेक्षा जास्त असलेल्या भारतीयांना ५, त्याही वेगळ्या मतदारसंघातून. शास्त्री अतिशय निराश होऊन परतले.

म्हणजे पणजोबा १९२३ नंतर गेले असतील तर सरकारी धोरण त्यांना टेकडीवर राहायला मना करत नव्हतं. पण आधीच दिलेल्या पट्ट्यांतल्या अटी आणि खासगी वसाहतींचे करार तसेच राहिले. आत्या याच अनुभवाबद्दल बोलते.

त्याच श्वेतपत्रिकेतली एक गोष्ट आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते, ती मला सांगितलीच पाहिजे. भारतीयांचं विलगीकरण सोडलं, पण आफ्रिकी लोकांच्या राहण्याच्या जागा शक्य तितक्या वेगळ्याच ठेवाव्यात असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. ज्यांची जमीन, त्यांनाच शहरात पाहुण्यासारखं राहावं लागलं. आफ्रिकी पुरुषाला 'किपांडे' हे नोंदणीपत्र, बोटांच्या ठशासकट, धातूच्या डबीत घालून गळ्यात बाळगावं लागे. राहायला पूर्वेकडच्या काळ्या जमिनीवर आखलेल्या वस्त्या: पुमवानी, कारिओकोर आणि पुढे शौरी मोयो. बरीच घरं एकट्या पुरुषासाठी, हिशेब खोलीचा नसून खाटेचा. बायकामुलं गावी राहतील हे गृहीत. पांगानी हे आफ्रिकी लोकांचं जुनं गाव १९३९पर्यंत पाडून टाकलं आणि त्या भागात पुढे आशियाई वस्ती झाली. तुमच्या नात्यातल्या कुणाचं घर नंतर पांगानीत असेल, तर त्या जागेला आधीचा इतिहास आहे. भारतीय पुढाऱ्यांची मागणी मुख्यतः गोऱ्यांच्या बरोबरीची होती, आफ्रिकी माणसाच्या बरोबरीची फारशी नव्हती. मणिलाल देसाईंसारखे, हॅरी थुकू या आफ्रिकी नेत्याला साथ देणारे भारतीय पुढारी होते, पण थोडे. आपल्यावरचा अन्याय सांगताना हे गाळलं तर आपण अर्धीच गोष्ट सांगतो.

गोव्याच्या लोकांचा आणखी एक पेच होता. ते पोर्तुगालचे प्रजाजन, म्हणून केनियाच्या जनगणनेत 'गोअन' हा भारतीयांपासून वेगळा रकाना असे. घरांच्या बाबतीत मात्र हा वेगळा रकाना कामाला येत नसे. तिथे ते आशियाईच धरले जात. म्हणून जुन्या कागदांत शोधताना फक्त 'इंडियन' या नोंदी चाळल्या तर तुमचे पणजोबा सापडणार नाहीत.

तपासायचं कसं, ते आता सांगतो. पहिलं, घर कुणाचं होतं ते ठरवा. रेल्वेचा कारकून असेल तर बहुधा क्वार्टर. रेल्वेत नोकरीच्या श्रेणी, पगार आणि घरं तिन्ही वंशानुसार लावलेली होती. शहरात अजून 'लँडीज रोड' आहे, तो रेल्वे कामगारांच्या बराकींच्या नावावरून. क्वार्टर असेल तर त्यांना निवडीचा प्रश्नच आला नाही, आणि आत्या-काकांचा वाद त्यांच्या बाबतीत निवृत्तीनंतरच्या घरापुरता उरतो. मला वाटतं, उत्तर तिथेच मिळेल.

दुसरं, जुन्या पत्रांवरून पत्ता काढायच्या भानगडीत पडू नका. केनियात टपाल घरपोच येत नाही, टपाल पेटीत येतं. लिफाफ्यावर पेटीचा क्रमांक सापडेल, गल्ली सापडणार नाही. त्यापेक्षा बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदी बघा. कुटुंबाच्या नोंदी शहरातल्या होली फॅमिली चर्चमधून १९३०च्या दशकात पार्कलँड्सच्या सेंट फ्रान्सिस झेवियर चर्चकडे सरकल्या असतील, तर घरही त्या सुमारास तिकडे हललं असण्याची शक्यता बरीच. पार्कलँड्स आधी गोऱ्यांचा भाग होता, नंतर तो भारतीय आणि गोव्याच्या कुटुंबांचा झाला. मुलांच्या शाळेचे दाखले, विशेषतः डॉ. रिबेरो गोअन स्कूलचे, हेही उपयोगी.

तिसरं, स्वतःचं घर घेतलं असेल तर भूखंडाचा क्रमांक शोधा. तो जुन्या पाणीपट्टीच्या किंवा कराच्या पावतीवर असतो, आणि अशा पावत्या आपल्या घरांत पत्र्याच्या पेटीच्या तळाशी हमखास निघतात. क्रमांक मिळाला की नैरोबीतल्या अर्धी हाउस या जमीन खात्याच्या इमारतीत मूळ पट्ट्याचा शोध घेता येतो. महापालिकेचे आणि वसाहतकाळाचे इतर कागद केनियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बघावे लागतील. किती सापडेल हे भागावर अवलंबून आहे. काही वस्त्यांच्या फायली पूर्ण आहेत, काहींची फक्त पहिली आणि शेवटची नोंद उरली आहे.

अट आता लागू नाही, मग शोधून काय उपयोग, असं तुमच्या मनात येईल. १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला आणि वंशाची अट मेली, पण तिच्या शेजारची मोठ्या भूखंडाची अट जगली. १९४८चा नैरोबीचा आराखडा दक्षिण आफ्रिकेहून बोलावलेल्या तज्ज्ञांनी केला, त्यात वंशाची भाषा टाळली होती; तरी विरळ वस्ती पश्चिमेला आणि दाट वस्ती पूर्वेला हा साचा तसाच राहिला. आजही चढावरच्या भागांत जमिनीचा किमान आकार मोठा ठेवलेला आहे, म्हणून तिथे फक्त पैसेवालाच जाऊ शकतो. तिथल्या घरांच्या जाहिरातींत आजही 'एसक्यू' लिहिलेलं असतं, म्हणजे मागच्या अंगणातली नोकराची खोली, आणि जुन्या घरांत ती त्या अपवादाच्या कलमासाठी बांधलेली. पुनर्विकासाच्या कामात अशा खोल्या मी मोजल्या आहेत. मुख्य घराकडे पाठ, खिडकी उंच आणि लहान, दार गल्लीच्या बाजूला.

पट्टा हाती लागला तर पुढच्या पानांबरोबर त्याच्या मागच्या बाजूचेही फोटो काढा. हस्तांतराच्या नोंदी आणि शिक्के तिथे असतात, आणि अट कुणी, केव्हा शिथिल केली हे कळायचं असेल तर ते त्या शिक्क्यांवरून कळतं. भूखंडाचा क्रमांक आणि पट्ट्याचं साल इथे लिहा, मी वाचून सांगतो.